'ट्रॉपिको' : हुकूमशहाचा डाव आणि उपहासाची मर्यादा

साहित्यकृतीतील उपहासाची चर्चा करताना आपण सामान्यतः निवेदकाच्या स्वराकडे लक्ष देतो. निवेदक ज्याच्याविषयी बोलतो त्याच्यापासून तो किती अंतर राखतो आणि ते अंतर वाचकाला कोणत्या खुणांनी उमगते, हा उपहासाच्या आकलनाचा पाया असतो. संगणकावरील खेळाच्या बाबतीत मात्र ही पद्धत अपुरी पडते. तेथे निवेदकाची जागा बऱ्याच अंशी नियमांनी घेतलेली असते आणि वाचकाचा कर्ता झालेला असतो. ज्या कृत्याचा उपहास करायचा ते कृत्य वाचकालाच करावे लागत असेल, तर अंतर कोणी कोणापासून राखायचे? 'ट्रॉपिको' या खेळाच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

'ट्रॉपिको' २००१ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील पॉपटॉप सॉफ्टवेअर या संस्थेची ही निर्मिती. याच संस्थेने १९९८ मध्ये 'रेलरोड टायकून २' हा आगगाड्यांच्या व्यापाराचा खेळ तयार केला होता. पुढे बल्गेरियातील हेमिमाँट गेम्सने २००९, २०११ आणि २०१४ मध्ये या मालिकेतील तिसरा, चौथा व पाचवा खेळ रचला, तर सहावा २०१९ मध्ये जर्मनीतील लिंबिक एंटरटेनमेंटने. येथील विवेचन मुख्यतः पहिल्या खेळाला धरून आहे. कॅरिबियन समुद्रातील एक काल्पनिक बेट, वर्ष १९५०, आणि खेळणारा त्या बेटाचा 'एल प्रेसिदेन्ते'. त्याने शेते लावायची, ऊस, तंबाखू, कॉफी परदेशी पाठवायची, रम आणि सिगारचे कारखाने उभारायचे, घरे, शाळा, दवाखाना, चर्च बांधायचे. अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोघांचीही मर्जी सांभाळायची. साम्यवादी, भांडवलवादी, धार्मिक, लष्करी, बुद्धिजीवी आणि पर्यावरणवादी अशा सहा गटांना तोलत राहायचे. लोक निवडणूक मागतील तेव्हा ती घ्यायची, नाकारायची किंवा तिच्यात लबाडी करायची. आणि हे सर्व करताना स्विस बँकेतील स्वतःच्या खात्याकडेही लक्ष ठेवायचे.

खेळाचा विनोद आरंभीच सुरू होतो. खेळणाऱ्याने आपला हुकूमशहा घडवायचा असतो. तो सत्तेवर कसा आला, निवडणुकीने, लष्करी उठावाने की अमेरिकी गुप्तचर संस्थेने आणून बसवल्यामुळे, हे ठरवायचे. त्याचे गुण निवडायचे, आणि दोषही: मद्यपी, बाहेरख्याली, संशयी. स्वतः घडवण्याचा कंटाळा असेल तर फिडेल कॅस्ट्रो, चे गेव्हारा, हुआन पेरॉन, एव्हिता अशा तयार व्यक्ती हजर आहेत. दानिएल इंदार्त यांचे प्रसन्न लॅटिन संगीत अखंड चालू असते. एकूण वातावरण मिस्कील आहे, आणि बहुतेक परीक्षणांनी या मिस्कीलपणालाच खेळाचा उपहास मानले आहे. हे मत वरवरचे आहे. विनोद हा या खेळाचा स्वर आहे. त्याची भूमिका काय आहे हे नियमांवरून ठरवावे लागेल.

नियमांमधून विचार मांडता येतो ही कल्पना आपल्याला परकी नाही. मोक्षपटावर प्रत्येक घराला एखाद्या सद्गुणाचे किंवा दुर्गुणाचे नाव असे. शिडी आणि साप हे त्या नीतिविचाराचे व्याकरण होते. पटावर कोणी प्रवचन करीत नव्हते, परंतु सोंगटी घसरली की प्रवचन होऊन जात असे. इयन बोगोस्ट या अभ्यासकाने २००७ मधील आपल्या ग्रंथात संगणकीय खेळांच्या संदर्भात हाच मुद्दा सिद्धान्ताच्या पातळीवर नेला : खेळ जे पटवून देतो ते प्रक्रियेच्या द्वारे, कशामुळे काय घडते याच्या रचनेतून. तेव्हा 'ट्रॉपिको'त कशामुळे काय घडते ते पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे येथे हुकूम दिल्याबरोबर काहीच घडत नाही. या जातीच्या पुष्कळ खेळांत इमारतीवर बोट ठेवले की ती उभी राहते. येथे बांधकाम मजुराला आपल्या घरातून निघून चालत त्या जागेपर्यंत जावे लागते. वाटेत त्याला भूक लागते, तो जेवायला वळतो, चर्चमध्ये जातो, झोपतो. माल वाहणारे कमी असतील तर ऊस शेतातच पडून राहतो आणि रमचा कारखाना थांबतो. हुकूमशहा राजवाड्यातून पाहत असतो आणि त्याला वाट पाहावी लागते. निरंकुश म्हणवणारी सत्ता किती माणसांच्या पायांवर उभी असते, हे इतक्या साधेपणाने सांगणारी दुसरी युक्ती मला या प्रकारात आढळलेली नाही. मजूर राहायला घर नसेल तर कामाच्या जागेजवळ स्वतःच झोपडी बांधतो. या झोपडीसाठी खेळणाऱ्याने हुकूम दिलेला नसतो, पैसा दिलेला नसतो. नकाशावर ती आपोआप उगवते आणि शासनाने जे केले नाही त्याची नोंद करून जाते. या झोपड्यांवर खेळ कोणताही विनोद करीत नाही, हे लक्षणीय आहे.

दुसरी गोष्ट रहिवाशांची. बेटावरील प्रत्येक माणसाला नाव आहे, वय आहे, आईबाप, नवराबायको, मुले आहेत. त्याच्यावर बोट ठेवले की त्याचे अन्न, निवारा, धर्म, करमणूक, आरोग्य, स्वातंत्र्य यांविषयीचे समाधान किती आणि राष्ट्राध्यक्षाविषयीचा आदर किती, हे कळते. हाच माणूस विरोधक झाला तर त्याला लाच देता येते, तुरुंगात टाकता येते किंवा ठार करवता येते. ठार केल्यास त्याच्या नातलगांचा आदर घसरतो. त्यांतला कोणी बंडखोर होऊन जंगलात जाऊ शकतो. येथे खेळ सत्याच्या फार जवळ येतो. मारलेला माणूस एकटा नसतो, त्याला गोत असते, आणि ते गोत विसरत नाही, हे नियमानेच सांगितले जाते. परंतु त्याच क्षणी खेळ त्या सत्याकडे पाठही फिरवतो, कारण नातलगांचे दुःख खेळणाऱ्यापर्यंत पोहोचते ते घटलेल्या आकड्याच्या रूपाने. हत्येची किंमत ठरते. ती परवडते की नाही एवढाच प्रश्न उरतो. मोक्षपटावर साप चुकवता येत नव्हता. येथे सापाचा दर लिहून ठेवलेला आहे.

हीच गोष्ट विशेष बांधकाम परवान्याच्या फर्मानातही दिसते. ते काढले की प्रत्येक इमारतीचा खर्च वाढतो आणि वाढीव रकमेतील काही भाग स्विस खात्यात जमा होतो. भ्रष्टाचाराचे वर्णन म्हणून हे अचूक आहे. त्यात काळोखी खलबते नाहीत, पैशाने भरलेल्या पेट्या नाहीत. केवळ प्रत्येक शाळा थोडी महाग होते. त्यामुळे एखादी शाळा बांधायची राहून जाते, आणि ती का राहिली हे बेटावर कोणालाच कळत नाही. खेळणाऱ्याला मात्र कळते, कारण त्या शाळेचे पैसे त्यानेच घेतलेले असतात. खेळाचा उपहास खऱ्या अर्थाने कोठे असेल तर तो अशा जागी आहे.

आता या खेळाशेजारी त्याचे साहित्यातील भाऊबंद ठेवून पाहावेत. लॅटिन अमेरिकेत हुकूमशहाच्या कादंबरीची एक भक्कम परंपरा आहे. मिगेल आन्हेल आस्तुरियास यांची 'एल सेन्योर प्रेसिदेन्ते' १९४६ ची, आउगुस्तो रोआ बास्तोस यांची 'यो एल सुप्रेमो' १९७४ ची, गाब्रिएल गार्सिया मार्केस यांची 'ऑटम ऑफ द पेट्रिआर्क' १९७५ ची. आणि मारिओ व्हार्गास योसा यांची त्रुहियोवरील 'फीस्ट ऑफ द गोट' २००० ची, म्हणजे 'ट्रॉपिको'च्या केवळ एक वर्ष आधीची. खेळातील पदवीदेखील आस्तुरियास यांच्या शीर्षकाची आठवण करून देणारी आहे. परंतु साम्य येथेच संपते. या कादंबऱ्यांचा मूळ प्रश्न बोलण्याचा अधिकार कोणाला, हा आहे. रोआ बास्तोस यांचा सर्वाधिकारी आपल्या लेखनिकाला मजकूर सांगत राहतो; आणि कादंबरीचा आरंभ होतो तो कोणीतरी त्याच्याच हस्ताक्षराची नक्कल करून लावलेल्या पत्रकाने. हुकूमशहाची भाषा चोरता येते, हा तेथील पहिलाच आघात आहे. मार्केस यांच्या कादंबरीत बोलतो तो मुख्यतः 'आम्ही' : राजवाड्यात शिरलेली, इतकी वर्षे गप्प राहिलेली प्रजा. 'ट्रॉपिको'त या 'आम्ही'ला जागा नाही. रहिवाशाच्या मनातले विचार आपल्याला वाचता येतात, पण ते राष्ट्राध्यक्षाला उद्देशून केलेल्या तक्रारीच असतात. एक शेतकरी दुसऱ्या शेतकऱ्याला राष्ट्राध्यक्षाविषयी काय सांगतो, हे खेळाला ठाऊक नाही. प्रजेची कुजबूज, प्रजेचा विनोद, प्रजेची अफवा यांना वगळून रचलेला हुकूमशाहीचा उपहास हा दरबारातच सांगितलेला विनोद ठरतो.

वगळलेली दुसरी गोष्ट म्हणजे इतिहास. बेट हवे तसे नव्याने तयार करून घेता येते. डोंगर किती, झाडी किती हे ठरवता येते. परंतु त्या भूमीवर ऊस कोणी आणि कोणत्या अवस्थेत पिकवला याची आठवण बेटाला नाही. कॅरिबियन बेटांवर ऊस हे निरागस पीक नाही. त्याच्या मुळाशी गुलामगिरी आहे. १७९१ मध्ये सुरू होऊन १८०४ मध्ये हैतीच्या स्वातंत्र्यापर्यंत पोहोचलेला उठाव याच मळ्यांतून पेटला. हुकूमशहाही आकाशातून पडत नाहीत. अमेरिकेने १९१६ ते १९२४ या काळात डोमिनिकन प्रजासत्ताक ताब्यात ठेवले. तेथे उभारलेल्या राष्ट्रीय रक्षक दलातूनच राफाएल त्रुहियो वर आला आणि १९३० ते १९६१ पर्यंत त्याने देश मुठीत ठेवला. ग्वाटेमालात १९५२ साली पडीक जमिनींच्या फेरवाटपाचा कायदा झाला, त्याची झळ युनायटेड फ्रूट कंपनीला बसली, आणि १९५४ मध्ये अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या साहाय्याने तेथील निवडून आलेले सरकार उलथवले गेले. खेळात अमेरिकी आक्रमणाचे भय आहे, हे खरे. तथापि तेथे जमिनीचा मालकच नाही. सर्व शेते राष्ट्राध्यक्षाची, म्हणजे शासनाची. परदेशी कंपनीच्या मालकीचा प्रश्नच त्यामुळे उद्भवत नाही. ज्या तिढ्यातून हे हुकूमशहा निर्माण झाले तो तिढाच सोडून दिल्यामुळे हुकूमशाही ही स्वभावाची लकब वाटू लागते. मद्यपी, बाहेरख्याली, संशयी या यादीतला आणखी एक दोष.

यावर असा आक्षेप येऊ शकतो की 'ट्रॉपिको'त सज्जन राज्यकर्ताही होता येते. निवडणुका प्रामाणिकपणे घेता येतात, स्विस खाते रिकामे ठेवता येते, सर्वांना घरे देता येतात. हे मान्यच केले पाहिजे, आणि असे खेळणे अनेकदा अधिक यशस्वीही ठरते. पण त्यामुळे खेळाच्या मूळ चौकटीला धक्का बसत नाही, कारण निवडणूक हरली की खेळ संपतो. लष्कराने उठाव केला, बंडखोर जिंकले, परकी सैन्य उतरले तरी खेळ संपतो. सत्ता गेली की बेटच नाहीसे होते. पाचव्या खेळात वसाहतकाळापासून आधुनिक काळापर्यंतचे युग आहे, राज्यघटना आहे, आणि सत्ता एकाच घराण्यातील माणसांत फिरवण्याची सोय आहे. तेथेही घराण्यापलीकडे काळ नाही. हा या मालिकेतील सर्वांत गंभीर नियम आहे, आणि तो इतका स्वाभाविक वाटतो की त्याच्याकडे लक्षच जात नाही. राष्ट्राचे आयुष्य आणि राज्यकर्त्याची कारकीर्द एकच आहे, हे प्रत्येक हुकूमशहाचे आद्य विधान असते. आपण गेलो तर देश बुडेल, असे तो सांगतो. 'ट्रॉपिको' त्याची टोपी, दाढी, भाषणे, खाते यांची थट्टा करतो आणि हे एक विधान मात्र अक्षरशः खरे करून दाखवतो.

कादंबरीने नेमके येथेच त्याला नाकारले आहे. मार्केस यांची कादंबरी हुकूमशहाच्या प्रेतापासून सुरू होते. योसा यांच्या कादंबरीत त्रुहियोच्या हत्येनंतर तीन दशके उलटून गेल्यावर उरानिया काब्राल मायदेशी परतते. हुकूमशाही तिच्या शरीरात आणि स्मृतीत अजून संपलेली नसते. हुकूमशहा मेल्यावर काय उरते, हे सांगणे हेच त्या लेखनाचे प्रयोजन आहे. पराभवानंतरही बेट चालू राहिले असते, झोपड्या तशाच दिसल्या असत्या, ठार केलेल्या माणसाची मुलगी मोठी होऊन मतदान करताना आपल्याला निष्क्रिय राहून पाहावी लागली असती, तर या खेळाचा उपहास पुरा झाला असता. यासाठी वेगळ्या तंत्राची गरज नव्हती. प्रत्येक रहिवाशाचे नाव आणि गोत त्यांनी आधीच लिहून ठेवले होते.

तरीही हा खेळ केवळ सत्तेच्या सोयीचा आहे असे म्हणता येणार नाही. मे २०१४ मध्ये थायलंडमध्ये लष्कराने सत्ता हाती घेतली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'ट्रॉपिको ५'च्या विक्रीला तेथे मनाई करण्यात आली. देशातील शांतता व सुव्यवस्थेला त्यामुळे बाधा येईल, असे कारण देण्यात आले. टोपी आणि दाढीच्या विनोदाने कोणतेही लष्कर अस्वस्थ होत नाही. ज्याने निवडणूक पुढे ढकलण्याचे फर्मान स्वतः काढून पाहिले आहे, परवान्यातील हिस्सा स्वतः खात्यात वळवून पाहिला आहे, त्याला ही हत्यारे प्रत्यक्षात दिसली की ओळखू येतात. एवढे ज्ञान 'ट्रॉपिको' निश्चित देतो. हत्यार कसे चालते हे तो शिकवतो. ते कोणावर चालले, हे शिकवण्यासाठी मात्र आपल्याला अजून कादंबरीकडेच जावे लागते.