भाकितांचा बाजार आणि बैलाचे वजन

2024 साली आमच्या एका विद्यार्थ्याने फोन पुढे करून सांगितले, "सर, हा जुगार नाही, संभाव्यताशास्त्र आहे." क्रिकेट सामन्यातील धावांविषयी 'हो' किंवा 'नाही' असे मत विकत घ्यायचे, असा तो प्रकार होता. मेसचे पैसे त्यात गेले होते.

ऑगस्ट 2025 मधील कायद्याने भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. अमेरिकेत मात्र पॉलिमार्केट, कल्शी यांसारखे 'भाकीत-बाजार' जोरात आहेत. तेथे घटना घडली तर एक डॉलर देणारी चिठ्ठी विकत मिळते. तिचा भाव 60 सेंट असेल, तर घटनेची संभाव्यता 60 टक्के असे वाचायचे. हे ज्ञान मिळवण्याचे साधन आहे, असा त्यांच्या पुरस्कर्त्यांचा दावा आहे. विज्ञानाच्या नावाने केलेला दावा तपासलाच पाहिजे.

त्यात तथ्य आहे, हे आधी मान्य करू. 1906 साली इंग्लंडमधील प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात, बैल कापून साफ केल्यावर वजन किती भरेल हे ओळखण्याची स्पर्धा होती. फ्रान्सिस गाल्टन यांनी 787 चिठ्ठ्यांचा हिशेब 1907 साली 'नेचर'मध्ये मांडला. मध्यक निघाला 1207 पौंड. प्रत्यक्ष वजन 1198 पौंड. चूक एक टक्क्याहूनही कमी! चिठ्ठीला सहा पेन्स पडत, त्यामुळे थट्टेखोर दूर राहिले, असे गाल्टन यांनीच नोंदवले आहे. आयोवा विद्यापीठाने 1988 साली निवडणुकीवर बाजार सुरू केला तो अशाच विचाराने. पुढे तेथे एका व्यक्तीला 500 डॉलरची मर्यादा ठेवण्यात आली.

परंतु गाल्टन यांच्या चिठ्ठ्या ज्याने त्याने आपापल्या अंदाजाने भरल्या होत्या, आणि प्रत्येक चिठ्ठीला सारखेच वजन होते. बाजारात चालू भाव सर्वांना दिसतो आणि ज्याचा पैसा मोठा त्याचे मत मोठे. 2024 च्या अध्यक्षीय निवडणुकीत एकाच फ्रेंच व्यक्तीने अनेक खात्यांतून ट्रम्प यांच्यावर काही कोटी डॉलर लावले होते. ट्रम्प जिंकले आणि 'बाजार बरोबर ठरला' असा गाजावाजा झाला.

आमचा मुख्य आक्षेप येथे आहे. 60 टक्के हे भाकीत एका निकालाने खरे किंवा खोटे ठरतच नाही. पावसाची शक्यता 60 टक्के सांगितली आणि पाऊस आला नाही, तर तेवढ्यावरून अंदाज चुकला असे म्हणता येत नाही. असे शंभर दिवस घ्यावेत आणि त्यांतील सुमारे साठ दिवस पाऊस पडला का, हे मोजावे. 2016 साली बाजारांचा कौल हिलरी क्लिंटन यांच्याकडे होता. तेवढ्याने बाजार निकामी ठरले नाहीत, आणि 2024 ने ते सिद्धही झाले नाहीत.

आता जुगाराविषयी. 'हो'चे 60 सेंट आणि 'नाही'चे 40 मिळून एक डॉलर होतो, तोच जिंकणाऱ्याला मिळतो. एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा, आणि चालकाने शुल्क कापले की सर्व खेळणारे मिळून तोट्यातच. कापसाच्या वायदेबाजारातही पैजेचा अंश असतो, पण शेतकऱ्याच्या डोक्यावर भाव पडण्याची जोखीम आधीच असते, ती तो दुसऱ्याकडे सोपवतो. सामन्यावर पैसे लावणारा नवी जोखीम विकत घेतो. 2025 मध्ये कल्शीवरील उलाढालीचा मोठा भाग खेळांच्या सामन्यांवरचाच होता. तीन तास थांबले की जे आपोआप कळते, त्यासाठी बाजार कशाला?

मुंबईला हे नवे नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांच्या आकड्यांवर येथे पैजा लागत. 1960 च्या दशकात तो आधार सुटला, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढून मटका सुरू झाला. कापूस गेला, पण खेळणाऱ्यांचे काही अडले नाही. भाकीत-बाजारातून माहिती काढून घेतली तर किती जण उरतील, ही कसोटी आम्हाला उपयुक्त वाटते.

वर्गात हरभऱ्यांची बरणी ठेवून पाहावी. एका तुकडीकडून अंदाज चिठ्ठीवर गुपचूप घ्यावेत, दुसऱ्या तुकडीत एकेकाने उठून मोठ्याने सांगावेत. दोन्हींचे मध्यक काढावेत, अंदाजांचा पसारा फळ्यावर मांडावा आणि मग हरभरे मोजावेत. पैज लावू नये, सहा पेन्सांचीसुद्धा.