द्विस्तरीय अध्ययन आणि नमुन्यांचा हिशेब

प्रबलन-अध्ययनात यंत्र कृती करते, पारितोषिक मिळवते आणि त्यानुसार आपले धोरण सुधारते. पारितोषिक कोणते असावे हेही जेव्हा शिकायचे असते, तेव्हा एका इष्टतमीकरणाच्या पोटात दुसरे इष्टतमीकरण येते : बाह्य स्तरावर पारितोषिकाची निवड, आणि अंतःस्तरावर त्या पारितोषिकास अनुरूप धोरणाचा शोध. १९३४ साली श्टाकेलबर्ग यांनी अर्थशास्त्रात मांडलेल्या अग्रणी-अनुगामी संबंधाशी या रचनेचे नाते उघड आहे.

अशा रचनेत इष्ट अचूकतेसाठी किती नमुने पुरतात, हा सिद्धांताचा मुख्य प्रश्न होय. बाह्य स्तरावरील प्रत्येक पावलासाठी अंतःस्तरावर बरेच नमुने खर्ची पडतात. तो शोध अर्धवट सोडल्यास बाह्य पावलाच्या दिशेतच दोष शिरतो.

घादिमी आणि वांग यांचे २०१८ मधील विश्लेषण अंतःस्तरावरील फलन प्रबल बहिर्वक्र असल्याचे, म्हणजेच त्याचे उत्तर एकमेव असल्याचे, गृहीत धरते. प्रबलन-अध्ययनात हे गृहीतक सामान्यतः टिकत नाही. एकाच प्रश्नाची दोन वाक्ये सारखीच समर्पक उत्तरे असतील, तर त्यांतील कोणते निवडावे हे पारितोषिक सांगत नाही. मग पारितोषिक किंचित बदलल्यास धोरण कोठे सरकेल, याचेही निश्चित उत्तर उरत नाही.

यावर एंट्रॉपीचे पद जोडण्याचा उपाय योजला जातो. मेई आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखविले की, अचूक प्रवणता उपलब्ध असल्यास आणि धोरण सॉफ्टमॅक्स कोष्टकरूप असल्यास, या पदामुळे त्रुटी घातांकी वेगाने घटते. एरवी ती पावलांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणातच घटते. तथापि येथे सुटते ते मूळ समस्येहून थोडे निराळे उदाहरण. ते अंतर कमी करण्यासाठी पदाचे वजन घटवावे, तर वेगाची हमीही क्षीण होते. अडचण नाहीशी होत नाही, स्थिरांकांत जाऊन बसते.

याहून मूलभूत आक्षेप ‘नमुना’ या संज्ञेबद्दल आहे. क्रिस्टियानो आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या प्रयोगांत यंत्राच्या एकूण व्यवहारांपैकी एक टक्क्याहूनही कमी भागावर माणसांचा अभिप्राय पुरला. यंत्राचे पाऊल स्वस्त आणि माणसाचा निवाडा महाग असताना दोहोंची एकच बेरीज मांडणारी मर्यादा गणिती दृष्ट्या निर्दोष असूनही व्यवहारात दिशाभूल करू शकते. म्हणून दोन्ही स्तरांचा खर्च स्वतंत्रपणे मांडणे, आणि गृहीतकांतील स्थिरांक उघड करणे, या दोन अपेक्षा अशा प्रत्येक प्रमेयाकडून ठेवावयास हव्यात.