‘डाएट मोडलं’ म्हणजे नक्की काय मोडलं?



आखाजी झाली की आमच्या नंदुरबार-शहादा पट्ट्यात पुढचे आठ दिवस एक वाक्य हमखास कानावर येतं. सकाळी चालायला निघालेल्या बायकांच्या घोळक्यात, बँकेच्या रांगेत, एसटी स्टँडवर. “काय सांगू, सगळं डाएट मोडलं!” आमरस, खापरावरची पुरणपोळी, वर माहेरचा आग्रह. आणि त्याच्या मागोमाग दुसरं वाक्य: “आता मोडलंच आहे तर सोमवारपासून नव्याने सुरू करू.” सोमवारला अजून पाच दिवस असतात. त्या पाच दिवसांत काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे.

आजचा लेख या दोन वाक्यांवर आहे. जास्त खाल्ल्यावर जी टोचणी लागते, ती वजन कमी करायला मदत करते का? यावर संशोधन आहे आणि त्यातलं बरंचसं रील्समधून अर्धवट सांगितलं जातं. मी जीवरसायनशास्त्राची विद्यार्थिनी. त्यामुळे इन्सुलिनचा भाग माझ्या घरचा, मानसशास्त्राचे पेपर मात्र शेजारच्या घरचे. दोन्हीकडे जरा बारकाईने बघू.

आधी नियमाकडे बघू

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत वजन कमी करण्याची सगळ्यात लोकप्रिय योजना कोणती, असं विचारलं तर बहुतेक जण डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं नाव घेतील. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या कल्पनेवरून त्यांनी ती लोकांपर्यंत नेली. कडकडून भूक लागेल अशा दोन वेळा ओळखायच्या, त्या दोनच वेळा जेवायचं, प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत संपवायचं आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. या योजनेचं श्रेय आधी देऊ या. यात पावडर नाही, डबे नाहीत, महिन्याची फी नाही. नियम एका ओळीत मावतो, म्हणूनच तो गावोगावी पोचला. दुसऱ्या टोकाला ऋजुता दिवेकर. 2009 च्या त्यांच्या गाजलेल्या पुस्तकात दर दोन तासांनी थोडं खा असा सल्ला होता, आणि खाण्याची भीती बाळगू नका हे त्या सातत्याने सांगत आल्या आहेत. या दोन टोकांवरून घराघरांत वाद झाले.

माझा आक्षेप दोनदा जेवण्याला नाही. तो नियम लोकांच्या तोंडी जसा उतरला आहे, त्याला आहे. “तोंडात काही टाकलं की इन्सुलिनचं माप सुटतं, मग दिवस वाया” असं अगदी सहज बोललं जातं. जणू शरीरात एक बटण आहे आणि अर्धा पेढा खाल्ला की ते दाबलं जातं. प्रत्यक्षात इन्सुलिन असं चालू-बंद होत नाही. उपाशीपोटी, झोपेतसुद्धा, ते थोडं थोडं स्रवतच असतं. खाल्ल्यावर किती वाढेल, हे किती आणि काय खाल्लं यावर ठरतं. एक चमचा साखरेच्या चहात सुमारे 20 कॅलरी. त्याला मिळणारा प्रतिसाद आणि पूर्ण पुरणपोळीच्या जेवणाला मिळणारा प्रतिसाद सारखा कसा असेल? नळ थोडा सोडला तर थोडं पाणी येतं, पूर्ण सोडला तर धो धो. ‘एकदा सुटलं की सुटलंच’ असं शरीराचं गणित नाही.

मग खाण्याच्या वेळा बांधून घेण्याचा फायदा किती? 2022 साली चीनमधल्या ग्वांगझू शहरातला एक चांगला प्रयोग प्रसिद्ध झाला. लठ्ठपणा असलेले 139 लोक, पूर्ण एक वर्ष. दोन्ही गटांच्या कॅलरी सारख्याच कमी केल्या. एका गटाने फक्त सकाळी 8 ते दुपारी 4 या वेळात खायचं, दुसऱ्याला वेळेचं बंधन नाही. वर्षाअखेरीस पहिल्या गटाचं वजन सरासरी 8 किलोने आणि दुसऱ्याचं 6.3 किलोने कमी झालं. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. ही काही दीक्षित योजनेची परीक्षा नव्हती, वेळापत्रक वेगळं होतं. पण एक गोष्ट त्यातून दिसते. घड्याळाची भिंत ही कमी खायला मदत करणारी सोय आहे. ती ओलांडली म्हणून शरीरात काही आकाश कोसळत नाही.

मिल्कशेकची गोष्ट, आणि रील्समध्ये न येणारा भाग

आता ‘मोडलंच आहे तर’ कडे येऊ. 1975 साली अमेरिकेत पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी 45 विद्यार्थिनींवर एक प्रयोग केला. काहींना काहीच दिलं नाही, काहींना एक मिल्कशेक, काहींना दोन. मग सगळ्यांना आइस्क्रीम ‘चव सांगण्यासाठी’ दिलं, हवं तेवढं खा म्हणून. ज्या मुली एरवी खाण्यावर फारसा ताबा ठेवत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलेलं, साहजिक आहे. पण ज्या सतत मोजूनमापून खात, त्यांचं उलट झालं. मिल्कशेक पोटात गेल्यावर त्यांनी आइस्क्रीम जास्त खाल्लं! हर्मन आणि जेनेट पोलिव्ही यांनी पुढे या वागण्याला जे नाव दिलं, त्याचं मराठी मी ‘गेलं खड्ड्यात परिणाम’ असं करीन.

पोलिव्हीचा 1976 चा प्रयोग तर आणखी मजेशीर. खायला दिलेल्या पुडिंगमध्ये कॅलरी खरोखर किती, यापेक्षा लोकांना त्या किती वाटतात यावर पुढचं खाणं ठरताना दिसलं. म्हणजे मोडतं ते डोक्यात. पोटाला पत्ताही नसतो.

आपल्या भाषेने हे फार पूर्वीच ओळखलं आहे म्हणा. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण कुठल्या प्रयोगशाळेतून आलेली नाही.

रील्स इथे थांबतात. पण आपण थांबायला नको, कारण या संशोधनात तीन उणिवा आहेत. पहिली: 45 मुली, एकच विद्यापीठ, एक दुपार. दुसरी: ‘सतत मोजून खाणाऱ्या’ कोण हे ज्या प्रश्नावलीवरून ठरवलं जातं, तिच्यात वजनातल्या चढउताराचे प्रश्नही मिसळलेले आहेत. त्यामुळे ती नक्की काय मोजते यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. तिसरी उणीव सगळ्यात मोठी. 2009 साली जॅनेट तोमियामा आणि ट्रेसी मान यांच्या गटाने हीच गोष्ट प्रयोगशाळेबाहेर तपासली. लोकांनी रोजच्या जगण्यातल्या खाण्याच्या नोंदी ठेवल्या. प्रयोगशाळेत मिल्कशेक पाजून पुढच्या खाण्याचीही नोंद घेतली. नियम मोडल्यावर लोक सुटल्यासारखे खात सुटले, असं आढळलंच नाही.

मला हा पेपर सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ‘एकदा मोडलं की माणूस वाहवत जातोच’ हा निसर्गनियम नाही. तसं घडू शकतं, काहींच्या बाबतीत, काही परिस्थितीत. पण ‘आता मी वाहवत जाणारच’ असं गृहीत धरायला आधार नाही. सोमवारपर्यंतचे पाच दिवस सक्तीचे नाहीत!

टोचणीचा उपयोग काय?

“पण वाईट वाटलं तरच माणूस सुधारेल ना?” हा प्रश्न मला घरातूनही विचारला जातो. वाजवी प्रश्न आहे. न्यूझीलंडमध्ये रूलिन कायर आणि जेसिका बॉइस यांनी 2014 साली यावरचा एक सुंदर पेपर प्रसिद्ध केला. लोकांना विचारलं, चॉकलेट केक म्हटलं की मनात काय येतं, अपराधीपणा की आनंदसोहळा? सुमारे एक चतुर्थांश लोकांनी अपराधीपणा निवडला. त्यांचा नीट खाण्याचा निश्चय इतरांपेक्षा पक्का होता का? नव्हता. उलट, खाण्यावर आपला ताबा नाही असं त्यांना जास्त वाटत होतं. दीड वर्षात वजन आहे तिथे टिकवणं त्यांना कमी जमलं. आणि ज्यांना वजन कमी करायचंच होतं, त्यांचं तीन महिन्यांत इतरांपेक्षा कमी उतरलं.

इथेही सावध राहू. टोचणीमुळे वजन उतरत नाही, की वजन उतरत नाही म्हणून टोचणी लागते? अशा पाहणीतून हे ठरवता येत नाही. त्यासाठी प्रयोग हवा. 2007 साली क्लेअर अ‍ॅडम्स आणि मार्क लिअरी यांनी तो केला. विद्यार्थिनींना आधी डोनट खायला दिलं. मग काही जणींना एवढंच सांगितलं, की असं सगळेच खातात, स्वतःला फार बोल लावू नका. नंतर गोळ्या-चॉकलेटं समोर ठेवली. एरवी खाण्यावर कडक बंधनं घालणाऱ्या मुलींपैकी ज्यांना हे दोन शब्द सांगितले होते, त्यांनी कमी खाल्लं. हासुद्धा एका दुपारचा, तरुण अमेरिकन मुलींवरचा प्रयोग, त्यावर इमला चढवायला नको. पण ‘स्वतःला माफ केलं की माणूस सोकावतो’ ही जी आपली भीती, तिला यात पुष्टी मिळत नाही.

माझं मत असं: टोचणी हे मोबदल्याचं खोटं नाणं आहे. आपण रात्रभर स्वतःला बोलतो आणि वाटतं, हिशेब चुकता केला. उद्याच्या भाजीत, चालण्यात, झोपेत मात्र काहीच बदललेलं नसतं.

काट्यावरचं दीड किलो

सणाच्या दुसऱ्या सकाळी काटा एक-दीड किलो जास्त दाखवतो आणि धीर सुटतो. आता आकडेमोड करू. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. समजा आखाजीला तुम्ही गरजेपेक्षा 1,500 कॅलरी जास्त खाल्ल्या, म्हणजे चांगलंच दणकून जेवलात. त्या सगळ्याची चरबी झाली तरी ती 200 ग्रॅमच्या आत. मग उरलेलं कुठून आलं? शरीर पिष्टमय पदार्थ ग्लायकोजेन म्हणून साठवतं, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. पापड-लोणच्यातलं मीठ आणखी पाणी धरतं. शिवाय कालचं जेवण अजून आतड्यात आहेच. नेहमीचं खाणं सुरू केलं की यातलं बहुतेक दोन-चार दिवसांत निघून जातं. थोडक्यात, काटा त्या दिवशी खरं बोलतो, पण चरबीबद्दल बोलत नाही.

आपल्याकडची दुसरी टोचणी

परदेशी पेपरांमध्ये एक गोष्ट जवळजवळ नसते: न खाल्ल्याची टोचणी. पानात टाकू नये, वाढणाऱ्याचा हात मोडू नये, हे आपल्याला बोलता यायच्या आधीपासून शिकवलेलं. त्यात आमचा जिल्हा. धडगाव-अक्कलकुव्याचं नाव वर्षानुवर्षं बातम्यांत येतं ते बालकांच्या कुपोषणामुळे. त्याच जिल्ह्यात शहाद्याला बसून ‘मी जास्त खाल्लं’ म्हणताना जीभ जरा अडखळते. मग माणूस दोन्हीकडून अडकतो. खाल्लं तर डाएटचा गुन्हेगार, नाही खाल्लं तर मावशीचा. हा पेच इच्छाशक्तीचा नसून नात्यांचा आहे. तो सोडवायचा तर ताटावर बसल्यावर नाही, आधीच बोलून सोडवावा लागतो: “मावशी, एकच पोळी वाढ, पण तूप सोडून जाऊ नकोस.” आमच्याकडे हे चालतं. “माझं डाएट आहे” मात्र चालत नाही, त्यात वाढणाऱ्याला नकार ऐकू येतो.

मग करायचं काय?

पुढचं जेवण नेहमीसारखं जेवा. पुढचं, सोमवारचं नाही. दादरची भाकरी, भाजी, वरण, जे रोजचं असेल ते. काल जास्त झालं म्हणून आज कडकडीत उपास, हा हिशेब टाळा. भुकेला माणूस संध्याकाळी काय करतो, ते एकादशीच्या म्हणीत आलंच आहे.

मधुमेहाची औषधं चालू असतील तर हे जास्तच गंभीर आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन, कालच्या पुरणपोळीचं प्रायश्चित्त म्हणून आज जेवण टाळलं, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं, शुद्ध हरपणं. टोचणीपायी घडू शकणारं हे खरं नुकसान आहे, आणि ते एका सकाळीत होतं. जेवणाच्या वेळा बदलायच्या असतील तर आधी डॉक्टरांशी बोला.

आणखी एक. कमी वेळात खूप खाणं, थांबताच न येणं, लपून खाणं, मग उलटी काढणं किंवा दिवसेंदिवस उपाशी राहणं असं वारंवार होत असेल, तर तो सणाचा विषय राहिलेला नाही. तो आजार असू शकतो, त्यावर उपचार आहेत. सरकारच्या टेलिमानसचा 14416 हा क्रमांक फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे. उपास मोडतो, कारण तो एक दिवसाचा संकल्प असतो. दिवस संपला की तो पूर्ण तरी होतो किंवा मोडतो तरी. वजन मात्र महिन्यांच्या सरासरीवर चालतं, आणि सरासरी एका जेवणाने मोडत नाही, थोडी हलते. डॉ. दीक्षितांची योजना पाळा, दिवेकरांचं ऐका, नाहीतर नुसतं रोज चाला. फक्त त्या योजनेला व्रताची भाषा लावू नका. पुढच्या वर्षी आखाजीला कुणी विचारलं, तर “डाएट मोडलं” ऐवजी “काल जरा जास्त जेवले” एवढंच म्हणून बघा. घडलेलं तेवढंच आहे.