४५ मीटरची खिडकी आणि माझा दादा

दोह्याला कोणी पाहुणे आले की मी त्यांना आधी म्युझियम ऑफ इस्लामिक आर्टमध्ये नेते. वस्तू नंतर, आधी खिडकी. मधल्या दालनात उभं राहायचं, समोर ४५ मीटर उंच काच, काचेपलीकडे पाणी आणि पाण्यापलीकडे वेस्ट बेचे टॉवर. एक-दोन मिनिटांत माणसं हळू आवाजात बोलायला लागतात. किती वेळात, हे मी मनातल्या मनात मोजते. रिसर्चची खोड, दुसरं काय!

ही इमारत आय. एम. पेई यांची. २००८ मध्ये ती उघडली तेव्हा ते ९१ वर्षांचे होते. कॉर्निशवरच्या जागा त्यांना नको होत्या, कारण उद्या शेजारी काय उभं राहील याचा भरवसा नव्हता. म्हणून किनाऱ्यापासून सुटं, भराव टाकून केलेलं बेट मागून घेतलं. आकार सुचला तो कैरोच्या इब्न तुलून मशिदीच्या चौकात वजूसाठी असलेल्या कारंज्यावरच्या घुमटीवरून : चौकोन, त्यावर अष्टकोन, त्यावर घुमट. बाहेरच्या भिंतींना खिडक्या जवळजवळ नाहीतच. दिवसभर त्या दगडावर ऊन आणि सावली सरकत राहते, तीच सजावट. मोठी काच मात्र उत्तरेला, त्यामुळे आत उजेड येतो, ऊन येत नाही. आखाती देशात याहून शहाणी खिडकी मी पाहिलेली नाही.

खिडकी आणि मन हा विषय निघाला की रॉजर उलरिच यांचा १९८४ चा अभ्यास येतोच. पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलमध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ पेशंट. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले, त्यांना कडक पेनकिलरही कमी लागल्या. आज कुठल्याही ‘वेलबीइंग’ प्रेझेंटेशनच्या तिसऱ्या स्लाइडवर हे असतं. मीही वापरलंय. पण त्यातली एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. ते ४६ जण आधीच अ‍ॅडमिट झालेले होते. तुम्ही इथे कसे, असं त्यांना कोणी विचारणार नव्हतं.

हे लक्षात आलं ते दादामुळे. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, रत्नागिरीकडचा. इथे तो एसीच्या मेंटेनन्समध्ये आहे, मोठ्या इमारतींचे चिलर सांभाळतो. एका शुक्रवारी मी त्याला मोठ्या हौसेने खिडकी दाखवायला नेलं. त्याने खिडकीकडे पाहिलं, मग वर पाहिलं आणि बराच वेळ वरच पाहत राहिला. म्हणाला, “थंड आहे, पण थंडी कुठून येते ते दाखवत नाहीत. चांगलं काम आहे.” पेईंबद्दल इतकी नेमकी दाद मी फार कमी वेळा ऐकलीये. पण हात मागे बांधलेले, चाल जपून, कुठे टेकला म्हणून नाही. दहा मिनिटांत म्हणाला, “चल गं, कोणी काही बोलायच्या आत निघू.”

कोणी काही बोलणार नव्हतं. कोणी बोललंही नाही. पण दादाला सवय आहे. त्याला बायको आणि दोन मुलं आहेत, तरी इथल्या भाषेत तो ‘बॅचलर’, कारण कुटुंब गावी. एका मॉलच्या दारावरून त्याला ‘आज फॅमिली डे’ म्हणून परत पाठवलंय. मी त्याच दिवशी त्याच दारातून एकटी आत गेले, कारण बाई एकटी असली तरी फॅमिलीच! शहराच्या नकाशातही हीच रेघ आहे. २०१० च्या १५ क्रमांकाच्या कायद्याने कुटुंबांच्या वस्तीत कामगारांची घरं ठेवायला बंदी आहे.

तेव्हापासून त्या इमारतीकडे पाहताना माझी थोडी अडचण होते. कॉर्निशवरून दाराकडे जाताना दोन्ही बाजूंना खजुराची झाडं असलेला लांब चढ लागतो. गाडीतून उतरलेल्याला तो चढ सांगतो की आता काहीतरी भव्य येणार, तयार व्हा. भर जूनमध्ये बसमधून उतरून चालत येणाऱ्याला तोच चढ विचारतो, नक्की यायचंय का? मला जो आदर वाटतो, त्याच आदराचा दादाला धाक वाटतो. पेईंनी कायदा केला नाही, हे खरं. पण माणसाला लहान करून शांत करणं हे त्यांच्या इमारतीचं तंत्र आहे, आणि आठवडाभर लहान होऊन आलेल्या माणसावर ते तंत्र चालत नाही. खिडकीची उंची मोजली, उजेड मोजला, तरी हे त्यात सापडत नाही. माझ्या प्रश्नावलीत तर याला रकानाच नाही.

बाहेर पडलो तर दादा एकदम वेगळा. म्युझियमला लागूनच बाग आहे, पाण्यात शिरलेल्या तिच्या टोकावर रिचर्ड सेराचं ‘७’ हे शिल्प : सात पोलादी पत्रे उभे करून केलेला २४ मीटरचा मनोरा. दादाने आत शिरून वरचं आभाळ पाहिलं, पत्र्यावर थाप मारून आवाज ऐकला. मग गवतावर येऊन चपला काढल्या आणि घरी व्हिडिओ कॉल लावला. गावच्या घरात तो खळ्यातून पडवीत येताना चपला काढतो, तशाच. आजूबाजूला असे कितीतरी जण बसलेले. कोण नेपाळला बोलतोय, कोण केरळला.

नॅशनल लायब्ररीत त्याला नेलं ते यानंतर, थोडं भीत भीत. रेम कूलहास यांच्या ऑफिसची ही इमारत २०१७ पासून लोकांसाठी खुली आहे. हिऱ्यासारखी बाहेरून, जरा दिखाऊच, मला आवडत नाही. पण मेट्रोच्या ग्रीन लाइनवर तिच्याच नावाचं स्टेशन आहे, आणि आत शिरलं की तुम्ही कडेला नाही, थेट मधोमध येता. चारी बाजूंना पुस्तकांच्या पायऱ्या चढत गेलेल्या. सगळ्यांना सगळे दिसतात, त्यामुळे कोणाकडेच कोणी पाहत नाही. पोरं पळत असतात. दादाने आधी वर पाहिलं (एसी!), मग मासिकांजवळची एक खुर्ची धरली.

पंधरा मिनिटांनी पाहिलं तर मान एका बाजूला कललेली, गाढ झोप. सिक्युरिटी गार्ड फिरत फिरत आला, त्याच्याकडे पाहिलं आणि पुढे गेला. मी लॅपटॉप उघडला.