रुंद चित्रातील चेहरे

व्यक्तिचित्राला जवळीक हवी असते, विस्तीर्ण दृश्याला अंतर. चित्रकार माणसापासून दोन हातांवर बसला तर त्याला कपाळावरची आठी दिसते. तोच टेकडीवर जाऊन उभा राहिला की गाव दिसते, आठी हरवते. या दोन्ही गोष्टी एकाच चौकटीत मागणारे चित्र म्हणजे अनेक माणसांचे रुंद समूहचित्र. आपल्या धर्मग्रामांच्या सभागृहांत अशी छायाचित्रे वर्षानुवर्षे टांगलेली असतात. पण चित्र म्हणून त्यांच्याकडे आपण क्वचितच पाहतो.

या प्रकाराची कसोटी आम्हांस लिओनार्दोच्या 'अखेरच्या भोजना'त सापडते. मिलान येथील मठाच्या भोजनगृहातील हे भित्तिचित्र ८८० सेंटिमीटर रुंद आणि ४६० सेंटिमीटर उंच आहे. सगळे जण मेजाच्या एकाच बाजूस बसले आहेत, जणू फोटोसाठीच! पण प्रभूने 'तुमच्यापैकी एक जण' असे म्हटले आहे आणि ते वाक्य बारा चेहऱ्यांवर बारा तऱ्हांनी उमटले आहे. प्रेषितांचे तिघातिघांचे चार गट केलेले आहेत, तरी कोणीही गर्दीचा भाग झालेला नाही. रुंद चित्रात कडेच्या माणसापर्यंत काहीतरी पोहोचले आहे की नाही, हे आधी पाहावे.

ही कसोटी महाराष्ट्रातील एका चित्रास लावून पाहू. १७९० साली टिपूविरुद्ध इंग्रज, पेशवे आणि निजाम यांची युती झाली. त्या प्रसंगीचा पुण्याचा दरबार टॉमस डॅनियल याने १८०५ साली रंगविला. आज तो लंडनच्या टेट संग्रहात आहे. तरुण सवाई माधवराव, नाना फडणीस, इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट आणि भोवती दरबारी मंडळी असा तो विस्तार आहे. डॅनियल त्या दरबारात नव्हता. मॅलेटने हे काम आधी जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराकडे सोपविले होते. वेल्सने पुण्यात राहून माणसांची रेखाटने केली, वेरूळच्या लेण्यांचीही केली आणि १७९५ साली तो वारला. त्याच्या रेखाटनांवरून डॅनियलने इंग्लंडमध्ये हे चित्र सिद्ध केले. म्हणजे येथे जवळीक एकाची आणि अंतर दुसऱ्याचे! समोरच्या मंडळींचे चेहरे मनात राहतात याचे श्रेय आम्ही वेल्सला देऊ. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. त्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकाला हे चित्र मोलाचे. तरीही मॅलेटच्या हातातील कागदाची वार्ता कडेच्या सेवकांपर्यंत पोहोचलेली आम्हांस दिसत नाही. ते दरबाराची शोभा म्हणून उभे आहेत.

पुढे कॅमेरा आला. एडिंबरोच्या रॉबर्ट बार्करने १७८७ साली सभोवार दृश्याच्या चित्रपद्धतीचे पेटंट घेतले होते. त्याच चित्रांना पुढे 'पॅनोरमा' हे नाव मिळाले आणि तेच नाव छायाचित्रांनाही चिकटले. फिरत्या कॅमेऱ्याने लांबलचक रांग टिपताना माणसांना कमानीत उभे करीत, म्हणजे प्रत्येकाचे भिंगापासूनचे अंतर सारखे राही. सरळ उभे केल्यास रांगच वाकडी दिसे. कॅमेरा सावकाश फिरत असताना एखादा खोडकर मुलगा मागून धावत दुसऱ्या टोकास पोहोचे आणि एकाच चित्रात दोनदा उमटे. आजच्या मोबाईलवरही हे साधते. मध्येच हललेल्या माणसाचे मात्र दोन तुकडे होतात.

आमचे मुदखेड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते, म्हणून राजा दीनदयाळ यांची गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. त्यांचा जन्म १८४४ चा, सरधन्याचा. बेगम समरूच्या भव्य चर्चमुळे हे गाव कॅथलिक वाचकांना परिचित असेल. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार म्हणून त्यांनी शिकारीच्या छावण्यांची, मेजवान्यांची, पाहुण्यांची समूहचित्रे काढली. कोण बसेल, कोण उभा राहील, कोणाचा हात कोठे असेल, सारे नेमके. त्यांची रचना डौलदार आहे, पण बरेच चेहरे आम्हांस बंद दारासारखे वाटतात.

१८९९-१९०० च्या दुष्काळात याच 'राजा दीनदयाळ अँड सन्स'ने औरंगाबादेत दुष्काळग्रस्तांची छायाचित्रे घेतली. हाडांचे सापळे झालेली माणसे गटागटाने कॅमेऱ्यासमोर आणली गेली. या संचाच्या इंग्रजी शीर्षकाचा अर्थ 'कृशतेचे प्रकार' असा होतो. प्रकार! माणसे नव्हेत. आणि तरीही व्यक्तिचित्राची खरी ताकद आम्हांस दरबारी चित्रांपेक्षा येथेच अधिक जाणवते. ती नजर 'प्रकार' या शब्दात मावत नाही. भिंगाने त्यांना चेहरा दिला, शीर्षकाने नाव नाकारले. दरबारातील पाहुणा कोण होता हे आज शोधता येते. त्या बाईच्या कडेवरचे मूल कोणाचे होते हे विचारायला कोणी उरलेले नाही.

आता आपल्या भिंतींवरील छायाचित्रांखालचा मजकूर वाचावा. मधल्या खुर्च्यांवरील महागुरू, आम्ही धर्मगुरू, सिस्टर्स, पाहुणे यांची नावे ओळीने छापलेली असतात. मागच्या रांगेत बाकावर उभे राहिलेले शेतमजूर, कडेच्या आया आणि जमिनीवर मांडी घालून बसलेली पहिल्या कम्युनियनची मुले यांच्यासाठी 'इतर भाविक' एवढे दोन शब्द पुरतात. कधीकधी तर चौकट लहान पडते म्हणून फ्रेमवाला दोन्ही कडा कापतो. मधल्या खुर्च्या कापल्या गेल्याचे आम्ही अद्याप पाहिलेले नाही.

नावे सांगू शकणारी वडीलधारी माणसे काही घरांत अजून आहेत. रविवारच्या मिस्सेनंतर ते छायाचित्र खाली उतरवून अंगणात उजेडात धरावे आणि त्यांना डावीकडून एकेक चेहरा दाखवीत जावे. सांगितलेली नावे त्याच क्रमाने मागच्या बाजूस लिहावीत. पेन्सिल मऊ असावी आणि हात हलका. शाई कागदातून उतरून चेहऱ्यांवर येते.