इंग्रजी उपशीर्षके आणि कोरियन चित्रपटांचा संग्रह

किम की-यंग यांचा 'द हाउसमेड' हा १९६० सालचा कोरियन चित्रपट आज ज्या स्वरूपात पाहावयास मिळतो, त्यामागील इतिहास विलक्षण आहे. १९८२ साली त्याची मूळ निगेटिव्ह सापडली तेव्हा तिच्यातील दोन रिळे नाहीशी झालेली होती. पुढे १९९० मध्ये एक जुनी प्रत हाती आली आणि ती उणीव भरून निघाली. परंतु या प्रतीवर हाताने लिहिलेली इंग्रजी उपशीर्षके होती व त्या अक्षरांनी चित्रचौकटीचा बराच मोठा भाग व्यापला होता. २००८ साली कोरियन फिल्म आर्काइव्हने वर्ल्ड सिनेमा फाउंडेशनच्या साह्याने चित्रपटाचा जीर्णोद्धार केला, तेव्हा ही अक्षरे चित्रातून पुसून काढावी लागली. यू ह्यून-मोक यांच्या 'एमलेस बुलेट' (१९६१) या चित्रपटाची कथाही अशीच आहे. सान फ्रान्सिस्कोच्या महोत्सवाकरिता उपशीर्षके चढवून पाठविलेली प्रत मागे उरली, म्हणून तो चित्रपट वाचला. ज्या अक्षरांनी चित्र झाकले त्यांच्यामुळेच ते टिकले.

कोरियन चित्रपटांचा संग्रह करणाऱ्या मराठी अभ्यासकाचा इंग्रजी उपशीर्षकांशी असलेला संबंध याच जातीचा आहे. त्यांच्यावाचून चित्रपट त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. आणि पोहोचतो तो काही अंशी झाकलेला असतो.

संग्रहाची बाह्य अडचण आता फारशी उरलेली नाही. डीव्हीडीच्या व्यवस्थेत कोरिया तिसऱ्या विभागात व भारत पाचव्या विभागात पडे, त्यामुळे कोरियातून मागविलेली तबकडी येथील यंत्रावर सहसा चालत नसे. ब्लू-रेच्या व्यवस्थेतही हा भेद राहिलाच. व्हीसीडीला असे कुंपण नव्हते. मणिपुरात २००० साली एका भूमिगत संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातल्यानंतर अरिरंग वाहिनी आणि बाजारातल्या नकली तबकड्या यांच्याद्वारे कोरियन चित्रपट घरोघर गेले, तेही इंग्रजी उपशीर्षकांसह. २०१२ पासून तर कोरियन फिल्म आर्काइव्हने आपले कितीतरी जुने चित्रपट यूट्यूबवर विनामूल्य खुले केले आहेत. तेव्हा चित्रपट मिळवावा कसा, यापेक्षा मिळालेला चित्रपट वाचावा कसा, हा प्रश्न आज अधिक निकडीचा आहे.

या प्रश्नाचा विचार चंद्रपूर-गडचिरोलीत होणे विशेष उचित आहे. या दोन जिल्ह्यांत प्रमाण मराठी, झाडीबोली, गोंडी, माडिया आणि हिंदी, सिरोंच्याकडे तेलुगू, तर मुलचेरा-चामोर्शीकडे निर्वासितांची बंगाली असा भाषांचा शेजार आहे. एका भाषेतील बोलणे दुसरीत आणताना काय सांडते, हे येथील विद्यार्थ्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

बोंग जून-हो यांचा 'मेमरीज ऑफ मर्डर' (२००३) धानाच्या शेतापासून सुरू होतो. पिकलेले धान, बांधीच्या कडेची मोरी आणि मोरीत प्रेत, हे दृश्य झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला परके वाटण्याचे कारण नाही. चित्रपटाच्या उत्तरार्धात बोगद्याच्या तोंडाशी, पावसात, पोलिस अधिकारी संशयिताच्या डोळ्यांत पाहतो आणि हताश होऊन विचारतो: जेवणखाण तरी होते का तुझे? हा उद्गार नट सोंग कांग-हो यांनी आयत्या वेळी घातला असे सांगितले जाते. जेवणाची चौकशी हा कोरियन माणसाच्या नित्याच्या आस्थेचा प्रकार आहे, आणि 'जेवलास का?' म्हणून विचारणाऱ्या मराठी माणसाला त्याचे स्पष्टीकरण नको आहे. ज्याच्यावर खुनाचा संशय आहे त्यालाच हा प्रश्न विचारला जातो, आणि त्यात करुणा, तिरस्कार व पराभव हे तिन्ही भाव एकवटतात. प्रचलित इंग्रजी उपशीर्षकांपैकी एकात जेवण गळाले आणि त्याच्या जागी सकाळी उठण्याविषयीचा प्रश्न आला. इंग्रजी वाचकाला जेवणाचा प्रश्न कदाचित असंबद्ध वाटला असता, हे मान्य; परंतु मराठी वाचकाला ही काळजी निष्कारण महाग पडली.

नात्यांच्या शब्दांतील हानी याहून व्यापक आहे. कोरियन भाषेत आईची बहीण 'इमो' आणि वडिलांची बहीण 'कोमो', म्हणजे आपली मावशी आणि आत्या. इंग्रजीत दोघी एकाच शब्दात गोळा होतात. 'ओड टू माय फादर' (२०१४) मध्ये युद्धात ताटातूट झालेले कुटुंब बुसानच्या बाजारातील ज्या दुकानाच्या आश्रयाला जाते, ते दुकान आत्याचे आहे. वडील मागे राहिले, आणि आता त्यांच्या बहिणीचा आधार; दुकान न विकण्याचा नायकाचा पुढचा हट्ट या नात्यातून उगवतो. याच चित्रपटावरून हिंदीत 'भारत' (२०१९) निघाला. चित्रपट म्हणून तो मुळाच्या पासंगालाही पुरत नाही, पण तेथे आत्या पुन्हा आत्या झाली, एवढे श्रेय त्याला द्यावे लागेल. स्वतःच्या आईला कोरियन माणूस 'आमची आई' म्हणतो. मराठी माणूसही तसेच म्हणतो. इंग्रजीत ती 'माझी' होते आणि घर एकदम लहान होऊन जाते.

'पॅरासाइट' (२०१९) मध्ये तळघराचे रहस्य उघडे पडते, तेव्हा काढून टाकलेली मोलकरीण आपल्या जागी आलेल्या बाईला 'ओन्नी', म्हणजे ताई, अशी हाक मारून गयावया करते, आणि ती बाई ही हाक झिडकारते. दोन दरिद्री स्त्रियांमध्ये नाते मागणे आणि नाते नाकारणे, हा या प्रसंगाचा गाभा आहे. इंग्रजीत त्या हाकेसाठी जो आखूड, लाडिक शब्द योजला आहे, त्यात मागण्याची लाचारी उतरत नाही. तथापि, या उपशीर्षकांचे कर्ते डार्सी पॅकेट यांना सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. दोन ओळी आणि थोडे क्षण, एवढ्यात त्यांना सगळे बसवायचे असते. दोन प्रकारच्या शेवयांच्या मिश्रणाला त्यांनी 'राम-डॉन' हे नवे नाव घडविले, आणि सोलच्या विद्यापीठाऐवजी ऑक्सफर्ड घातले. त्यांच्या वाचकाच्या दृष्टीने हे निर्णय शहाणपणाचे आहेत. मराठी वाचक मात्र त्यांच्यापुढे नव्हता, आणि असण्याचे कारणही नव्हते.

वाक्यरचनेचा मुद्दा अभ्यासकांनी अद्याप पुरेसा लक्षात घेतलेला दिसत नाही. कोरियन वाक्यात क्रियापद शेवटी येते. मराठीत तसेच, आणि गोंडीतही तसेच. पात्र होकार देणार की नकार, आदराने बोलणार की तुसडेपणाने, हे वाक्य संपेपर्यंत राखून ठेवता येते, आणि कसलेला नट या राखून ठेवण्यावर आपला अभिनय उभारतो. इंग्रजी उपशीर्षक क्रियापद आधीच सांगून मोकळे होते. नटाचा चेहरा नंतर तेथे पोहोचतो. मराठी उपशीर्षकाला हा क्रम जसाच्या तसा ठेवता येईल.

अर्थात मराठीत आणले म्हणजे सर्व साधले, असेही नाही. कोरियन वाक्य कर्ता वगळू शकते आणि त्याच्या क्रियापदाला लिंग नसते. मराठीत 'आला' की 'आली' हे ठरविल्यावाचून गती नाही. ना होंग-जिन यांच्या 'द वेलिंग' (२०१६) मध्ये आलेला प्राणी माणूस की भूत, आणि मांत्रिकाचा विधी नेमका कोणावर चालला आहे, हा संशयच चित्रपटाचा प्राण आहे. तेथे मराठी क्रियापदाने अकारण साक्ष दिली तर रसभंग होईल.

या चित्रपटाच्या शीर्षकात कोरियन उच्चाराने गोकसंग हा डोंगराळ तालुकाही सूचित होतो आणि आक्रोशही. इंग्रजीत त्यांपैकी आक्रोश तेवढा उरला. पात्रे बोलतात ती जोल्ला प्रांताची बोली, भातशेतीच्या मुलुखातली, राजधानीने गावंढळ ठरविलेली. इंग्रजीत सर्वजण सारखेच बोलतात. येथे झाडीबोली उपयोगी पडावी, असे कोणालाही सुचेल. गावचा पोलिस आणि त्याची सासू 'पानी' म्हणतील, 'पाणी' म्हणणार नाहीत. परंतु मराठी पडद्याने विदर्भाच्या बोलीला बहुतेक वेळा हशा पिकविण्याच्या कामी लावले आहे, आणि 'द वेलिंग' पूर्वार्धात हसवून उत्तरार्धात थरकाप उडवितो. झाडीबोलीत तो थरकाप पेलतो की नाही, हे करून पाहिल्यावाचून कळणार नाही. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर रात्रभर रडणारा आणि हसणारा प्रेक्षक तरी तसा संशय घेणार नाही.

आणि इंग्रजीच्या नावाने हे गाऱ्हाणे मांडताना प्रमाण मराठी व हिंदी येथे कोणत्या जागी उभ्या आहेत, तेही पाहिले पाहिजे. अमित मसुरकर यांच्या 'न्यूटन' (२०१७) मध्ये, गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या दंडकारण्यात, गोंडी मतदारांचे म्हणणे निवडणूक अधिकाऱ्यापर्यंत पोहोचते ते मलको या तरुणीच्या हिंदीतून. प्रेक्षकही मलकोवर विसंबून असतो. गोंडीतला नेमका कोणता आदर, कोणते नाते, कोणता उपरोध त्या हिंदीत गळाला, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. 'ताई'चे इंग्रजी पाहून हळहळणाऱ्या मराठी समीक्षकाने ही हळहळ भामरागडकडे वळविल्याचे उदाहरण विरळा.

म्हणून विद्यापीठीय संग्रहाने तबकड्यांची संख्या वाढविण्यापूर्वी प्रत्येक तबकडीसोबत एक संवादवही ठेवावी. तिच्यात कोरियन ध्वनी देवनागरीत, त्याखाली इंग्रजी उपशीर्षक, त्याखाली मराठी, आणि जेथे विद्यार्थी सापडेल तेथे झाडीबोली, गोंडी वा माडिया. कोरियन भाषा येणाऱ्या जाणकाराकडून ती तपासून घ्यावी लागेल. कानावर आणि इंग्रजीवर विसंबून एवढे साधणार नाही. पहिली वही 'मेमरीज ऑफ मर्डर'ची करावी, आणि ती बोगद्याच्या प्रसंगापासून सुरू करावी. जेवणाच्या त्या प्रश्नाला माडियात काय म्हणतील, हे विचारण्यासाठी सोलपर्यंत जावे लागणार नाही.