खोकला थांबल्यानंतरची गोष्ट

राजा नवाथे दिग्दर्शित ‘आह’ (१९५३) या सिनेमात राज कपूरला टीबी होतो. हे कळल्यावर तो प्रेयसीला खरं सांगत नाही. उलट तिनं आपला तिरस्कार करावा म्हणून बेवफाईचं नाटक करतो. तेव्हाच्या प्रेक्षकांना यात त्याग दिसला. आज बघताना दिसतो तो एक घाबरलेला पेशंट. ‘मला टीबी आहे’ हे तीन शब्द उच्चारण्यापेक्षा वाईट माणूस ठरणं त्याला सोपं वाटतं.

गंमत म्हणजे तोवर औषध आलेलं होतं. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३चा. आयसोनियाझिड १९५२मध्ये वापरात आलं. पुढे १९५९मध्ये मद्रासच्या केंद्रातल्या अभ्यासानं दाखवून दिलं, की घरी राहून औषधं घेणारे रुग्ण सॅनेटोरियममधल्या रुग्णांइतकेच बरे होतात. वैद्यकशास्त्र पुढे गेलं, आपली गोष्ट मात्र तिथंच राहिली.

ही गोष्ट घडवणाऱ्या उद्योगाचं एक मोठं घर म्हणजे वांद्रे. पश्चिमेला १९५४ साली उभा राहिलेला मेहबूब स्टुडिओ आहे. कार्टर रोडवर हृषीकेश मुखर्जी राहायचे. त्यांच्या ‘आनंद’ (१९७१) आणि ‘मिली’मध्ये (१९७५) टीबी नाही, पण साचा ओळखीचा आहे. रुग्ण देखणा असतो, हसरा असतो, आणि आसपासच्यांना जगायला शिकवतो. चिडचिड, उलट्या, गोळ्यांचा कंटाळा यांना त्या फ्रेममध्ये जागा नसते. हे सिनेमे मलाही आवडतात. पण आजारी माणसानं कसं वागावं याची एक अपेक्षा त्यांनी आपल्या डोक्यात बसवली, हे मान्य करायला हवं.

स्टेशन ओलांडून पूर्वेला उतरलं की बेहरामपाडा लागतो. खोलीवर खोली, मध्ये माणूस जेमतेम जाईल एवढी गल्ली. टीबी हवेतून पसरतो, त्यामुळे अशा घरांमध्ये खिडकी हा वैद्यकीय प्रश्न असतो. जगातल्या टीबीच्या एकूण रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. खाडीपलीकडच्या माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०११-१२च्या सुमारास कुठलंच औषध लागू न पडणाऱ्या टीबीचे चार रुग्ण नोंदवले, तेव्हा जगभर बातम्या झाल्या.

सिनेमानंतर टीबीवरचा सर्वांत जास्त वाचला जाणारा मजकूर म्हणजे सरकारी पोस्टर. त्याचीही समीक्षा व्हायला हवी. ‘दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा.’ वाक्य सरळ आहे, उपयोगी आहे, आणि त्यानं जीव वाचलेत. २०१९पासूनची घोषणा आहे ‘टीबी हारेगा, देश जीतेगा’. इथं मात्र अडचण सुरू होते. लढाईची भाषा आली की जिंकणारे आणि पळपुटे अशी वाटणीही येते. मग चौथ्या महिन्यात गोळ्या सोडणारा कोण? तो देशाला हरवणारा का?

ही शंका हवेतली नाही. मध्येच उपचार सोडणाऱ्याला कागदोपत्री बरीच वर्षं ‘डिफॉल्टर’ म्हणत. कर्ज बुडवणाऱ्यालाही हाच शब्द. तपासणीला आलेला माणूस ‘टीबी सस्पेक्ट’, म्हणजे संशयित. बँक आणि पोलीस ठाणं, दोन्हीकडचे शब्द दवाखान्यात. २०१३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ते बदलले. आपल्याकडचा ‘क्षय’ त्याहून जुना. पुराणात रोहिणीवर जास्त प्रेम केलं म्हणून दक्षानं चंद्राला क्षयाचा शाप दिला. म्हणजे आजार हा कुठल्यातरी चुकीची शिक्षा, हे गोष्टीतच आलं. त्याच गोष्टीत चंद्र पुन्हा भरत जातो, हा भाग आपण विसरलो.

पोस्टर खोकल्यापाशी सुरू होतं आणि ‘बरा झालो’पाशी संपतं. मधले महिने गायब असतात. साध्या टीबीचे उपचार किमान सहा महिने चालतात. पहिल्या काही आठवड्यांत खोकला कमी होतो, वजन वाढतं, संसर्गाचा धोकाही बहुतेकांच्या बाबतीत खूप उतरतो. अवघड काळ तिथूनच पुढे असतो. लोकांना वाटतं, बरा झालास की. शरीर मात्र गोळ्यांनी मळमळत असतं. घरात ताट वेगळं काढलेलंच असतं, खरं तर भांड्यांतून टीबी पसरत नाही. लग्नाचं वय असेल तर आई सांगते, ‘कुणाला बोलू नकोस.’ उदासी अशी साचत जाते. औषधरोधक टीबीत वापरल्या जाणाऱ्या सायक्लोसेरिनसारख्या औषधानं नैराश्य आणि भासही होऊ शकतात. म्हणजे मन खचणं हा स्वभावाचा दोष नाही. कधीकधी तो औषधाचाच परिणाम असतो आणि डॉक्टरांना सांगितला तर त्यावर उपाय निघतो. हे माहीत नसलेला पेशंट स्वतःलाच कमकुवत समजतो आणि गप्प बसतो. त्यातून गोळ्या सुटतात, आणि सुटलेल्या गोळ्यांतून औषधरोधक टीबी तयार होऊ शकतो. मनाचं आरोग्य इथं चैनीचा विषय उरत नाही.

गोष्ट वेगळी सांगता येते, हे रुग्णांनीच दाखवलं. अमिताभ बच्चन यांनी २०००मध्ये आपल्याला टीबी झाल्याचं २०१४मध्ये जाहीर सांगितलं. यशस्वी माणसानं बरं झाल्यावर सांगितलेली ती गोष्ट होती, तरी तिनं लाज थोडी कमी केली. नंदिता वेंकटेशन यांची गोष्ट जास्त अवघड आहे. २०१३मध्ये उपचारांतल्या औषधानं त्यांची ऐकण्याची शक्ती गेली. त्या याबद्दल, नैराश्याबद्दल उघड बोलल्या. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासोबत त्यांनी बेडाक्विलिन या औषधाच्या पेटंटची मुदत वाढवण्याला आव्हान दिलं. मार्च २०२३मध्ये भारतीय पेटंट कार्यालयानं कंपनीचा अर्ज फेटाळला. या गोष्टीत रुग्ण सुंदर मरत नाही. तो चिडतो, नुकसान मोजतो आणि हिशेब मागतो.

पोषणासाठी महिन्याला मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४पासून १००० झाले, हे चांगलंच. पण पोटाचा विचार झाला तसा मनाचाही व्हायला हवा. टेली-मानसचा क्रमांक १४४१६ आहे. खोकल्याच्या ओळीखाली तो छापायला आणि ‘चौथ्या महिन्यात खूप उदास वाटलं तरी गोळ्या सोडू नका, आम्हाला सांगा’ एवढं लिहायला पोस्टरवर जागा सहज निघेल. ‘आह’च्या नायकाला असं कुणी विचारलं असतं, तर त्याला नाटक करावं लागलं नसतं.